मुदतवाढ मिळणेबाबत

नाशिकजवळच्या आमच्या एकलहऱ्यात कुठलीही गोष्ट बंद व्हायला एक पिढी लागते. इथल्या औष्णिक वीज केंद्राचे, म्हणजे थर्मलचे, 210 मेगावॉटचे तीन संच 1979 ते 1981 या काळातले. ते ‘आता बंद होणार’ हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्यांच्या जागी येणारा 660 मेगावॉटचा संच दर निवडणुकीला येतो आणि निकाल लागला की निघून जातो.

अशा गावात वाढलेला माणूस सॉफ्टवेअरच्या धंद्यात पडला, की ‘बंद होणार’ वाचून निर्धास्त झोपतो. गुगलने मार्च 2013 मध्ये जाहीर केलं, ब्लॉग-बातम्या एकत्र वाचायचा रीडर एक जुलैला बंद. आणि एक जुलैला तो खरोखर बंद! ना कृती समिती, ना द्वारसभा, ना साखळी उपोषण. फेसबुकने त्याच वर्षी पार्स विकत घेतलं. सर्व्हरची कटकट नको म्हणून कितीतरी ॲपवाल्यांनी त्यावर संसार थाटला होता. जानेवारी 2016 ला नोटीस, वर्षभराने टाळं. जाताना त्यांनी सर्व्हरचा कोड तरी खुला केला. गुगलचं ऑनलाइन गेमचं स्टेडिया 2023 मध्ये गेलं, तेव्हा गिऱ्हाइकांना गेमचे पैसे परत मिळाले. त्यावर गेम बांधणाऱ्यांची वर्षं कुठल्या खिडकीवर परत मिळतात, कोण जाणे. कंपनीचं स्वतःचं पोट ज्यावर चालतं तेवढं टिकतं, असं माझं मत. बाकी सगळं रोजंदारीवर.

परवा एका बड्या कंपनीची अशीच ‘सेवा बंद करतोय’ अशी मेल मला आली. थर्मलमधून निवृत्त झालेल्या वडिलांना वाचून दाखवली.

“सुटे भाग मिळत नाहीत का?”

“त्याला भाग नसतात.”

“कोळसा ओला आला?”

“कोळसा लागत नाही, बाबा.”

“लोक वापरत नाहीत?”

“वापरतात. पण कंपनीचं लक्ष आता दुसरीकडे आहे.”

“म्हणजे सरकार बदललं,” बाबा म्हणाले. “साहेबाला भेटून ये.”

साहेब नाही, केबिन नाही; मेलखाली ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ एवढंच, हे ऐकून मात्र ते हादरले. वीज मंडळ मोडून 2005 मध्ये कंपन्या झाल्या, तरी बाहेर शिपाई आणि आत ‘मीटिंगला गेलेले’ साहेब शाबूत होते.

रात्री त्यांनी स्वतःच मसुदा केला. ‘विषय : सदर सेवेस मुदतवाढ मिळणेबाबत.’ खाली ‘प्रत माहितीस्तव’ : मा. पालकमंत्री, नाशिक.