भाऊसाहेबांचे इंद्रवज्र

महसूल खात्यातील अव्वल कारकुनी सन्मानपूर्वक आटोपून ज्यांनी निसर्गछायाचित्रणाचा वसा घेतला, त्या आमच्या भाऊसाहेबांना सृष्टिसौंदर्य अमान्य आहे असे कोणी म्हणणार नाही. ते नियमांत बसवून आणि मुदतीत सादर व्हावे, एवढाच त्यांचा आग्रह असतो. सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वीची घटका-दोन घटका ते निसर्गाची दरखास्त विचारात घेतात. मधल्या उन्हात सह्याद्री कितीही नटून उभा राहिला, तरी ‘प्रकाश कर्कश’ असा शेरा मारून प्रकरण निकाली निघते. क्षितिजरेषा चौकटीच्या मध्यावर आली, तर ती त्यांना बांधावरच्या अतिक्रमणासारखी खुपते, आणि तिला एक-तृतीयांशाच्या हद्दीत परत धाडल्याखेरीज त्यांना अन्न गोड लागत नाही.

त्यांचे दैवत अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. 1932 साली कॅलिफोर्नियात त्या थोर पुरुषाने व त्याच्या स्नेह्यांनी भिंगाच्या सूक्ष्म छिद्रावरून आपल्या मंडळाला ‘एफ/64’ हे नाव दिले. आपले भिंग मात्र 22 च्या पलीकडे मिटत नाही, हे भाऊसाहेबांचे शल्य. इतके छिद्र मिटले की विवर्तनाने चित्र उलट मऊ पडते, आणि अ‍ॅडम्सची फिल्म दहा इंची असे, तुमचा सेन्सर दीड इंचाचाही नाही, असे नातवाने साधार दाखवून दिले, तेव्हा त्यांनी नातवाला चहा आणायला पाठवले. कासच्या पठारावर, जे 2012 पासून जागतिक वारशात मोडते, सीतेच्या आसवांचे इवलेसे निळे फूल टिपण्यासाठी ते भाद्रपदाच्या चिखलात साष्टांग पालथे पडले असता, भोवळ आली असे समजून एका कनवाळू वृद्धेने त्यांच्या मस्तकावर पाणी शिंपडले; ‘आजी, सावली पडतेय,’ एवढेच ते म्हणाले. या माणसाच्या चिकाटीला, खरे सांगतो, माझा मनःपूर्वक मुजरा आहे.

परंतु त्यांच्या कलाजीवनाचे परमोच्च शिखर म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तेथे कंपनी सरकारच्या कर्नल साइक्सला दिसलेले इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारे रंगीत वर्तुळ, आपल्याही दप्तरी दाखल व्हावे, ही त्यांची जुनी महत्त्वाकांक्षा. त्यासाठी पाठीशी सकाळचे कोवळे ऊन आणि समोर दरीत दाटलेले धुके, अशी दुहेरी मंजुरी एकाच वेळी लागते, आणि सृष्टीची ही दोन खाती परस्परांशी सहसा पत्रव्यवहार ठेवीत नाहीत. गतवर्षी श्रावणाअखेर ती मिळाली. धुक्यावर सप्तरंगी वर्तुळ उमटले आणि त्याच्या ऐन मध्यभागी आपल्याच मस्तकाची छाया पाहून भाऊसाहेबांचा कंठ दाटून आला. ‘माझ्याबी डोक्याभवती हाये की,’ असे पायथ्याच्या पाचनईचा वाटाड्या म्हणाला; ज्याचे त्याला स्वतःच्याच सावलीभोवती ते वर्तुळ दिसते, हे प्रकाशाचे शास्त्र त्याने नकळत सांगितले होते, पण त्याचा जबाब नोंदवला गेला नाही. किंचितही कंप नको म्हणून भाऊसाहेब ट्रायपॉडपासून दहा-बारा हात दूर सरले आणि त्यांनी रिमोटची कळ दाबली.

चित्र निर्दोष उतरले. केवळ इंद्रवज्र, भिंगाच्या दृष्टीने उमटलेले असल्यामुळे, ट्रायपॉडवरील कॅमेऱ्याच्या सावलीभोवती विराजमान होते, आणि भाऊसाहेबांची छाया प्रभामंडळाच्या हद्दीबाहेर, हातात कळ घेऊन, हुजऱ्यासारखी तिष्ठत होती. ते चित्र अद्याप कोणास दाखवलेले नाही. कॅमेरा विक्रीस काढला आहे. चांगले गिऱ्हाईक असल्यास कळवावे, असा त्यांचा निरोप आहे.