उलटलेल्या टँकरची रीतसर कार्यपद्धती

घातक कचऱ्याच्या वाहतुकीत सर्वांत सुखरूप पोहोचतो तो कागद. 2016 च्या नियमांनुसार कारखान्याच्या फाटकातून पिंपांबरोबर दहाव्या नमुन्याचे पत्रकही निघते, तेही सात रंगांच्या सात प्रतींत. पांढरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याच्या फायलीत, गुलाबी घेणाऱ्याकडे, अशी ही वाटणी करड्या रंगापर्यंत चालते. यांपैकी एकही प्रत गळत नाही.

गळतो तो माल. नागापूर आणि सुपा एमआयडीसीतल्या पिंपांना जवळचे ठिकाण म्हणजे शिरूर तालुक्यातला रांजणगावचा सामाईक प्रकल्प. राहुरी-कोपरगावकडचा माल आधी मनमाड रस्त्याने येतो, त्यामुळे झाकणांची वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही. नगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. खड्ड्यांचे नामांतर प्रलंबित आहे. जानेवारी 2025 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा 12 कंटेनरांतून पोलीस बंदोबस्तात, रस्ता मोकळा करून पीथमपूरला नेला गेला. असा मान मिळवण्यासाठी कचऱ्याला 40 वर्षे थांबावे लागते.

गाडी उलटली की पहिले पथक कॅन आणि कळश्या घेऊन येते. त्यातला जाणता माणूस बोट बुडवतो, हुंगतो आणि ‘हे डिझेल न्हाई’ असा अहवाल देतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे हा पहिला नियम. गर्दी मात्र सावली असेल त्या अंगाला उभी राहते, कारण तिथे मोबाइलवर चित्रण चांगले येते. गाडीवरच्या पाटीवर हॅझकेम संकेत असतो. त्यातला आकडा काय मारायचे ते सांगतो: 1 किंवा 2 असेल तर पाण्याचा फवारा, 3 असेल तर फेस, 4 असेल तर कोरडे द्रव्य. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासची माणसे हलवण्याचा विचार करायचा. बघ्यांना तो गाडीचा नंबर वाटतो आणि सुरुवातीला एमएच 16 नसल्याने गाडी बाहेरची ठरते. काय सांडले आणि काय करावे, हे सांगणारे नवव्या नमुन्याचे कार्ड केबिनमध्ये असते. केबिन खाली आणि चाके वर असल्याने ते वाचायला जरा अवघड जाते.

मग साखर कारखान्याचा बंब येतो आणि आकडा कोणताही असो, पाणी मारतो. रस्ता धुऊन निघतो, माल ओढ्यात जातो, ओढ्यातून विहिरीत. ज्या गावाला एवढे पाणी एरवी टँकरनेच मिळते, तिथे ही उधळपट्टी डोळ्यांत भरते. खरे तर माती-वाळूचा बांध घालून माल अडवायचा, शोषून घ्यायचा आणि ती माती पिंपांत भरायची. पण भिजलेली माती हाही घातक कचराच. तिला हलवायचे म्हणजे पुन्हा सात प्रती.

एवढ्या लिखापढीला कंटाळलेल्यांनी गाडी न उलटवताच माल सांडण्याची रीत काढली आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत रात्री रसायन सोडले गेले आणि शेकडो लोक रुग्णालयात पोहोचले. जानेवारी 2022 मध्ये सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकर नाल्यात रिकामा होताना विषारी वायूने सहा कामगार मेले.

चुकून सांडलेल्या मालाची मात्र मंडळाला तत्काळ खबर द्यावी लागते आणि मागाहून अकराव्या नमुन्यात अहवाल पाठवावा लागतो. सुरक्षित वाहतुकीची जबाबदारी, गाडी ज्याने ठरवली त्या पाठवणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची. ती पत्रकात आधीच लिहिलेली असते, म्हणून गाडी उलटल्यावर आधी पत्रक शोधले जाते. अहवालात अपघाताची वेळ, घटनाक्रम, मालाचा तपशील, केलेले उपाय असे रकाने आहेत. ‘पुन्हा असे घडू नये म्हणून उचललेली पावले’ या रकान्यात ड्रायव्हरला समज दिल्याचे लिहिता येते.