तीन दाण्यांनी हुकलेलं ब्राँझ

ऑगस्ट 2018, जकार्ता. आशियाई क्रीडा स्पर्धा, पुरुषांची 50 मीटर फ्रीस्टाइल, अंतिम फेरी. जपानच्या शुनिची नाकाओचा हात भिंतीला लागला 22.46 सेकंदांत, कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचा 22.47 मध्ये. नाकाओच्या गळ्यात ब्राँझ, खाडे चौथा. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा.

हा शंभरावा भाग आमच्या वाशिम जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायचा म्हणजे पंचाईत आहे. इथं ‘एसटी येतेच आता’ या वाक्यात पाऊण तास धरलेला असतो. अकराच्या उद्घाटनाला पुढारी दोनला येतात आणि सूत्रसंचालक ‘वेळात वेळ काढून आल्याबद्दल’ त्यांचेच आभार मानतो. म्हणून हिशेब वेळेत न सांगता लांबीत सांगतो. या शर्यतीतला माणूस सेकंदाला सव्वादोन मीटर कापतो, म्हणजे शंभराव्या भागात सव्वादोन सेंटिमीटर. सोयाबीनचे तीन दाणे एका रांगेत मांडा. तेवढंच. मार्केट यार्डात यापेक्षा जास्त माल झाडूखाली जातो आणि कुणी ‘कायले’ म्हणून विचारत नाही.

खरं दुखणं पुढेच आहे. त्याच दिवशी प्राथमिक फेरीत खाडेनं 22.43 काढले होते. राष्ट्रीय विक्रम. सकाळचा खाडे संध्याकाळच्या नाकाओच्या पुढे होता! सोनं चीनच्या यू हेशिनचं, 22.11, चांदी जपानच्याच कात्सुमी नाकामुराची, 22.20. ते दोघे त्या दिवशी हाताला लागणारे नव्हतेच. ब्राँझ मात्र बोटाच्या पेरावर आलं होतं.

या शर्यतीत चूक सुधारायला जागा नसते. वळण नाही, दम धरून ठेवणं नाही, ‘शेवटच्या फेरीत बघू’ नाही. उडी मारायची, मान खाली, आणि बहुतेकजण श्वाससुद्धा घेत नाहीत. घेतलाच तर एखादा. डोकं वळवलं की वेग गेला. ब्राझीलच्या सेझार सिएलोनं डिसेंबर 2009 मध्ये 20.91 काढले, तेही त्या चकचकीत पॉलियुरेथेनच्या पोशाखात, ज्यावर दोनच आठवड्यांनी, 1 जानेवारी 2010 पासून बंदी आली. पोशाख गेला, विक्रम वहीत राहिला. ज्याच्या अंगावर होता त्याचं भलं झालं. आपल्याकडे अतिक्रमणं अशीच नियमित होतात.

आता एक नियम ऐका, मला तो फार आवडतो. 50 मीटरच्या तलावाची लेन 3 सेंटिमीटरपर्यंत जास्त लांब भरली तरी चालते. कमी मात्र एक मिलिमीटरही चालत नाही. जकार्ताचा तलाव वाकडा होता असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण भिंतीला 3 सेंटिमीटरची सूट आणि माणसाचं पदक सव्वादोनवर जातं, हे गणित बघा. नियम बांधकामवाल्याला सांभाळून घेतो यात आपल्याला नवल नाही. नवल एवढंच, की तिथं सूट जास्त भरायची आहे. आपल्याकडचा रस्ता जाडीत 3 सेंटिमीटर कमी भरला, तर त्याला नियमातली सूटही लागत नाही.

घड्याळाला यापुढचंही कळतं. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर मेडलेत स्वीडनच्या गुन्नार लार्सननं अमेरिकेच्या टिम मॅक्कीला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागांनी हरवलं. मग शहाण्यांच्या लक्षात आलं की एवढा फरक तर दोन लेनच्या सिमेंटमध्येच निघेल. तेव्हापासून शंभराव्या भागावर थांबायचं, आणि तिथं बरोबरी झाली तर पदक दोघांना. 2000 च्या सिडनीत याच 50 मीटरला अमेरिकेचे अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनिअर दोघेही 21.98 मध्ये आले आणि दोघांनीही सोनं नेलं. म्हणजे खाडेनं तीन दाणे पुढे हात टाकला असता, तर तेच ब्राँझ दोघांना मिळालं असतं.

1972 चा विषय निघालाच आहे तर सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर आठवायलाच हवेत. लष्करात जवान, बॉक्सिंगचे खेळाडू. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, शरीर अपंग झालं, मग पाण्यात उतरले. त्या वर्षीची पॅरालिम्पिक स्पर्धा म्युनिकऐवजी हायडेलबर्गला झाली, कारण म्युनिकच्या क्रीडाग्रामाचे फ्लॅट करायचं आधीच ठरलं होतं. (बिल्डर सगळीकडे पहिला येतो, त्याला लेन लागत नाही.) तिथं पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. मराठी माणसानं, पोहून, 1972 मध्ये. सरकारच्या घड्याळात ही नोंद पडली 2018 मध्ये, पद्मश्री मिळाली. 37.33 सेकंदांच्या शर्यतीचा निकाल लागायला 46 वर्षं. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार आणखी मागून, 2025 च्या जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या सिनेमावाल्यांनी त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ काढून पत्ता शोधून दिल्यावर. तरी पेटकर नशीबवान म्हणायचे. 1951 च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलेले सचिन नाग 1987 मध्ये वारले आणि त्यांचा ध्यानचंद पुरस्कार 2020 मध्ये निघाला. पोहणाऱ्याचा शंभरावा भाग मोजणारी यंत्रणा आणि पोहणाऱ्याला मोजणारी यंत्रणा, दोन्ही एकाच पृथ्वीवर आहेत यावर विश्वास बसत नाही.

खाडेच्या बाबतीत मात्र सरकारनं उशीर केला नाही. तो 2008 मध्ये, सतरावं पूर्ण व्हायच्या आतच, बीजिंग ऑलिम्पिकला जाऊन आला. 2010 मध्ये ग्वांगझूला 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. खजानसिंगच्या 1986 च्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेत पोहण्यातलं भारताचं पदक चोवीस वर्षांनी आलं होतं. शासन खूश झालं आणि खूश झाल्यावर शासन जे करतं तेच केलं: खुर्ची दिली. तहसीलदार! ज्या माणसाचं आयुष्य शंभराव्या भागासाठी चाललेलं, त्याला अशा खात्यात बसवलं जिथं फेरफाराची नोंद पिढ्यान्‌पिढ्या चालते. नोकरी वाईट नाही, मी कोण नाव ठेवणार. अर्धा जिल्हा त्या खुर्चीच्या परीक्षेच्या क्लासला बसलेला आहे. पण चांगल्या पोहणाऱ्याचं बक्षीस म्हणजे त्याला पाण्यातून बाहेर काढून फायलींपाशी नेणं, ही युक्ती आपल्यालाच सुचते. मध्ये काही वर्षं पोहणं सुटलंच. मग पठ्ठ्या परत उतरला, वजन उतरवलं आणि सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर जकार्तात तीन दाण्यांवर येऊन थांबला. मधली वर्षं पाण्यातच गेली असती तर? हा प्रश्न विचारायला कुठलाच नमुना अर्ज नाही.

बरं, याच राज्यात खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यातून नोकरी मिळवायला बोगस प्रमाणपत्रांचा उद्योग निघाला. त्यात ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रं होती. ट्रॅम्पोलिन! जे उभ्या जन्मात कुणी पाहिलं नाही त्यावर लोक कागदावर उड्या मारून थेट सरकारी खुर्चीत पडले. त्यापुढे खाडेची खुर्ची ओली का होईना, खरी होती.

जून 2020 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, खाडेनं जाहीरपणे लिहिलं की तलाव उघडत नाहीत, निवृत्तीचा विचार करावा लागेल. तेव्हा दारूची दुकानं उघडून महिना झाला होता. स्पर्धेच्या पोहणाऱ्यांना तलावाचं दार उघडलं ऑक्टोबरमध्ये. शेवटी 2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत 50 मीटरचं सोनं घेऊनच त्यानं रजा घेतली. बायको ऋजुतानंही तिथंच महिलांच्या 50 मीटरचं सोनं घेतलं. घरात सोन्याची दोन पदकं आणि एक सरकारी पगार. आमच्याकडे स्थळ बघायला आलेल्यांनी यातलं दुसरंच आधी विचारलं असतं.

आता वाशिमकडे या. त्याच 2018 च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्याचं नाव देशाच्या यादीत गेलं: आकांक्षित जिल्हे. महाराष्ट्रातून चार, नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आम्ही. प्रगती मोजायला 49 निर्देशांक. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, बँक खाती, रस्ते. चांगलीच गोष्ट आहे, मी त्यातल्या एकालाही हात लावत नाही. त्यात खेळ नाही, यालाही माझी हरकत नाही. पण शेती-पाण्याच्या रकान्यात पाणी साठवायचं आहे आणि त्या पाण्यात पडलेल्या पोराला बाहेर येता येतं का, याचा रकाना कुठंच नाही.

पाण्याची या गावाला परंपरा मोठी. जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. एकशे आठ तीर्थं होती म्हणतात, पद्मतीर्थ आजही आहे. तिथं लोक पापं धुवायला यायचे, वेळ लावायला नाही. पोहणं मात्र शिकलं जायचं ते मळ्यातल्या विहिरीत.

ती शिकवणी ज्यांनी घेतली त्यांना सांगायला नको. काठावर काका बसलेला. पोराच्या कमरेला दोर, पाठीला पांगऱ्याचं लाकूड नाहीतर तेलाचा तोंड बंद केलेला रिकामा डबा. पोरगं पायरीला चिकटून रडतंय, काका मागून ढकलतो. ‘मार बे हात! पाय हालव ना लेका, पाय!’ पहिल्या दिवशी दोर ताठ, मग हळूहळू सैल, आणि एक दिवस काका दोराचं टोक गुपचूप सोडून देतो. पोराला कळतं तेव्हा ते पलीकडच्या कपारीला पोचलेलं असतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत 50 मीटर भरायचे तर आठाच्या वर फेऱ्या आणि आठ भिंती. म्हणून आमच्या स्पर्धा लांबीच्या नव्हत्याच, खोलीच्या होत्या. मुटका मारायचा, तळाला जायचं आणि मुठीतला गाळ वर येऊन दाखवायचा. पुरावा म्हणून. शर्यतीच्या भिंतीवरच्या टचपॅडला वशिला चालत नाही म्हणतात. गाळालाही चालायचा नाही.

त्या विहिरी आता कुठं मार्चात कोरड्या, कुठं बुजलेल्या, आणि नवी आलेली बोअर सहा इंची. सहा इंचांत पोहायला शिकलेला माणूस अजून जन्मायचा आहे. काका गेले, डबा भंगारात गेला. आणि नेमक्या याच काळात शिवारात शेततळी आली. 2016 पासून तर मागेल त्याला. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, आत प्लॅस्टिकची पन्नी. पाणी टिकतं, रब्बीला एखादी पाळी जास्त मिळते, माझा शेततळ्याला विरोध नाही हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर फोन येतात.

पण पन्नीवर शेवाळ धरतं. उन्हाळ्याच्या सुटीत पोरं उतरतात. मधोमध गेलेल्या पोराला काठ 15 मीटरवर असतो. आमच्या जिल्ह्यातली फ्रीस्टाइलची शर्यत ती ही. मुलं, मुली, सगळे गट खुले, आणि शिकलेलं कुणीच नाही. जकार्तात भिंतीला हात लागला की शर्यत संपते. इथं हात लागल्यावर खरी सुरू होते, कारण उतार गुळगुळीत आहे आणि हात टिकत नाही. पोहता येणारा मोठा माणूस वाचवायला उडी टाकतो आणि तोही घसरतो. मग दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी. वेळ नोंदवलेली नसते.

अनुदानाच्या फायलीला फोटो लागतो: शेतकरी उभा, शेजारी फलक, खाली अक्षांश-रेखांश. पन्नीची जाडी मायक्रॉनमध्ये तपासली जाते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्युनिकनंतर सोडून दिलेला हजारावा भाग आपण पन्नीसाठी जपून ठेवला आहे. कुंपण आणि काठाला गाठी मारलेला एक दोर, एवढ्यावर पोरगं वर येतं. आमच्या मालेगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी तेच म्हणालो, की दादा, दोर तेवढा बांधून ठेवा काठाले.

‘बांदला होता ना भाऊ,’ ते म्हणाले. ‘म्हशीले कमी पडत होता, मंग सोडून नेला.’