साहेब जागेवर नाहीत

प्रति,
मा. प्रिंटरसाहेब,
मुक्काम : बैठकीची खोली, पुस्तकांच्या कपाटावर.

विषय : आपण 'ऑफलाइन' असल्याबाबत.
संदर्भ : आपल्या कपाळावरचा निळा दिवा, जो आपण हजर असल्याचे सांगतो.

सा. न. वि. वि.

गावाकडच्या जमिनीचा सातबारा हवा होता. पूर्वी त्यासाठी एसटीने गावी जायचे, तलाठी भाऊसाहेब चावडीत आहेत की तालुक्याला गेलेत याचा अंदाज घ्यायचा आणि गेलेच असतील तर पारावर बसून राहायचे. आता महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा लॅपटॉपवर उतरतो. शासन घरापर्यंत आले, साहेब. शेवटचे हातभर अंतर तेवढे आपल्या अखत्यारीत होते. तिथे उत्तर मिळाले : प्रिंटर ऑफलाइन आहे.

म्हणजे भाऊसाहेब कुठेच गेले नाहीत. ते माझ्या कपाटावर येऊन बसलेत.

आपण रुजू झालात तेव्हा पाठीवरच्या चौकोनी यूएसबी खाचेवर चिकटपट्टी होती : 'सूचना मिळेपर्यंत केबल जोडू नये.' कारण समजण्यासारखे आहे. ड्रायव्हर आधी बसवला नाही, तर लॅपटॉप स्वतःच्या मनाने एखादा कामचलाऊ ड्रायव्हर लावून मोकळा होतो. पण सूचना देणार मोबाइलवरचे ॲप. ॲपला खाते हवे, खात्याला ईमेल, ईमेलला ओटीपी. मग ॲपने लोकेशन मागितले. (अँड्रॉइडच्या हिशेबात आजूबाजूचे वाय-फाय दिसणे म्हणजे माणूस कुठे आहे ते कळणे, म्हणून ही परवानगी.) माझ्याच घरात बसून आपण माझ्याकडे रहिवासाचा पुरावा मागितलात. रेशनकार्डाची सत्यप्रत जोडायला लावली नाहीत, हे उपकार.

पुढे वाय-फाय. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो; आपल्यासारख्या बऱ्याच घरगुती साहेबांना पहिलीच ऐकू येते. जोडणीच्या वेळी मोबाइल ५ वर असला की आपण ओळख दाखवत नाही. एकदा ओळख झाली की लॅपटॉप कुठल्याही पट्टीवर चालतो, कारण इकडचे निरोप तिकडे पोचवायला राउटर असतो. फक्त तो पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वाय-फायवर नसावा. पाहुण्यांना घरातली यंत्रे दिसू नयेत यासाठीच ती सोय असते. यातले आपल्या दोन ओळींच्या पडद्यावर काय उमटले? 'त्रुटी', आणि पुढे एक आकडा.

पण जोडणी होणे वेगळे आणि टिकणे वेगळे. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता देतो आणि तो मुदतीवर देतो. लाइट गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की वाटप नव्याने होऊ शकते. आपण १९२.१६८.१.५ वर होता, ते १९२.१६८.१.९ वर जाता. बदली झाली, आदेशाची प्रत लॅपटॉपला मिळाली नाही. तो जुन्या केबिनचे दार वाजवतो, आतून उत्तर येत नाही, आणि शेरा मारतो : साहेब जागेवर नाहीत. आपला दिवा खरा, लॅपटॉपचा शेराही खरा, काम मात्र अडलेले! सरकारी कचेरीत हे साधायला दोन खाती लागतात.

मग वैतागून माणूस प्रिंटर पुन्हा जोडतो. यादीत त्याच नावाचे दुसरे साहेब दाखल होतात, नावापुढे 'कॉपी १'. कागद बहुधा जुन्याच साहेबांकडे जातो, कारण डिफॉल्ट तेच राहिलेले असतात. औषध राउटरच्या सेटिंगमध्ये आहे : आपल्या मॅक ॲड्रेससाठी एकच आयपी राखून ठेवायचा. कायम पदस्थापना! पान छापण्यापूर्वी नागरिकाला आस्थापना विभाग चालवता यायला हवा, एवढीच काय ती अट.

आपल्या आवक-जावक कारकुनाबद्दलही लिहायला हवे. लॅपटॉपमधल्या या गृहस्थाचे नाव प्रिंट स्पूलर. एक कागद त्याच्याकडे अडकला की मागची रांग ठप्प. रद्द करायला सांगावे तर 'डिलीट होत आहे' म्हणून तो स्वस्थ बसतो. शेवटी स्पूलरची सेवा बंद करायची, त्याचा फोल्डर रिकामा करायचा, सेवा पुन्हा सुरू करायची. दप्तर जाळल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. २०२१ मध्ये विंडोजच्या याच कारकुनाचे दार परक्यांना उघडे असल्याचे उघडकीस आले. 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ते प्रकरण गाजले आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती काढावी लागली.

आपल्या घराण्याचा हा ताठा जुना आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर भेट मिळाला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोकांना कळावे, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. नव्यात तीच करायची, तर त्याचा सोर्स कोड कोणी देईना. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली, आणि त्या नकाराची गोष्ट ते स्वतः सांगत आले आहेत. एका साहेबाने 'मिळणार नाही' म्हटल्याचा हा परिणाम. बरे, सरळ वागणे आपल्याला अशक्य आहे असेही नाही. २०१०च्या एअरप्रिंटपासून ड्रायव्हर न बसवता छापणारे प्रिंटर बाजारात आहेत.

कागदाचे थोडक्यात. लॅपटॉपवर 'इंग्रजी (अमेरिका)' निवडलेले असले की आपण २१६ बाय २७९ मिलिमीटरचा अमेरिकी 'लेटर' मागता, आणि ट्रेमध्ये ए-फोर गच्च भरलेला असताना 'कागद घाला' म्हणता. साताऱ्याच्या जमिनीचा उतारा अमेरिकेच्या मापात कशाला?

माझी तक्रार शाईची नाही, वेगाची नाही. एकाच खोलीतल्या दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायला कंपनीचे खाते, कंपनीचे ॲप आणि चालू इंटरनेट का लागावे, एवढेच विचारतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला तोच सातबारा व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याने एकच प्रश्न विचारला : "काका, कलर की ब्लॅक?"

सबब कळविण्यात येते की, दीड मीटर लांबीची यूएसबी केबल खरेदी केलेली असून येत्या रविवारपासून आपला सर्व पत्रव्यवहार तिच्यामार्फत होईल. वाय-फायवरील आपले अधिकार त्या दिवसापासून गोठविण्यात येतील. हरकत असल्यास सात दिवसांच्या आत छापील स्वरूपात कळवावी. तोंडी किंवा दिव्याची उघडझाप करून घेतलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही.

आपला,
अर्जदार
(कपाटाचा मालक)