नमुना

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तालुक्यागणिक कॉलेज आणि कॉलेजागणिक एक तरी असे सर. विषय वनस्पतिशास्त्र, पण ते निमित्त. खिशात पेनाशेजारी झाकणाची छोटी बाटली, स्कूटरच्या डिकीत तसल्याच डझनभर. लग्नाला आले की आधी मांडवामागे जाऊन उष्ट्याचा ढीग बघतील. "केवढा मिथेन वाया चालला!" शेगावला महाराजांचं दर्शन झालं की कचोरीवाल्याला पहिला प्रश्न, "जळकं तेल कुठं टाकता हो?" कचोरी नंतर.

आणि काहीही दाखवा, सर मान हलवणार: "यावर पेपर होतो."

एकदा त्यांनी प्रकल्पाचा प्रस्ताव केला. नाव: 'त्वचेच्या जखमा भरून येणे, तसेच शाश्वत अन्न, पर्यावरण व ऊर्जा'. प्राचार्य म्हणाले, "यातलं काहीतरी गाळा." सर दुखावले. "काय गाळू? आपल्या एका लोणारात सगळं आहे!" उल्का आदळून बेसॉल्टात पडलेला १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, पाण्याचा सामू दहाच्या आसपास. त्यात स्पिरुलिना, म्हणजे अन्न. गाळात मिथेन करणारे सूक्ष्मजीव, म्हणजे इंधन. २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे पर्यावरण. प्राचार्यांनी सही केली. चहा गार होत होता.

त्याच २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा सरांनी छातीठोकपणे 'शेवाळ' सांगितलं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव शोधले. आपण चुकलो हे सर इतक्या आनंदानं सांगत हिंडले की लोकांना वाटलं बक्षीस लागलं. स्पिरुलिना मात्र त्यांनी सोडली नाही. विकतची पूड आणून ज्वारीच्या पिठात कालवतात. वहिनी ती हिरवी भाकरी पाहुण्यांना "पालकाची आहे" म्हणून वाढतात, आणि सर दारामागून किती जणांनी दुसरी मागितली ते टिपतात.

जखमेचं वेड जरा वेगळं आहे. बोट कापलं म्हणून कुणी हळद दाबली की सर तिथंच उभं राहून हकिकत सांगतात. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेनं १९९५ मध्ये दिलं. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. "कशावर जिंकलो? जुन्या ग्रंथांवर अन् १९५३ च्या एका छापील लेखावर! आज्जीला ठाऊक असून भागत नाही, छापलेलं लागतं." तोवर कापलेल्या बोटाचा धनी ताटकळलेला.

आता त्यांचा जीव एकदांडीत अडकलाय. धुऱ्यावर उगवते, पिवळी चिमुकली फुलं, पाला चोळून जखमेवर लावायची जुनी रीत. मागे शेजारचं पोरगं सायकलवरून पडलं, दोन्ही गुडघे फुटले. सरांनी आधी साबण-पाण्यानं जखमा धुतल्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनला दवाखान्यात पिटाळलं. त्यात त्यांची कधी हयगय नाही. पोरगं परतलं तेव्हा सरांचा चेहरा उजळलेला. "दोन गुडघे! म्हणजे कंट्रोल घरचाच!" उजव्याला पाला, डाव्याला काही नाही.

"अन् त्या डाव्या गुडघ्यानं तुमचं काय घोडं मारलं, सर?" पोराची आई.

रोज संध्याकाळी सर पारदर्शक कागद ठेवून जखमेची कड गिरवायचे, घरी आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे. कडेच्या पेशी आत सरकतात, खाली कोलॅजन विणलं जातं, हे पोराला इतकं पाठ झालं की ते शाळेत खपली दाखवून व्याख्यान द्यायला लागलं. शेवटी दोन्ही गुडघे एकाच दिवशी बरे झाले. आई सुटकेनं हसली. सर मात्र वहीत बघत बसले.

"सॅम्पल लहान पडलं," म्हणाले, आणि चष्म्यावरून माझ्या पायांकडे बघितलं.

तेव्हा बुलढाण्याकडे येणार असाल तर जरूर या, सरांकडे चहाला नेतो. फक्त फुलपँट घालून या.