मुखपाकविषयक निवेदन : एडिसनहून सांगलीस

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई व ती. बाबा यांचे चरणी एडिसनकर कुटुंबाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

‘तोंड येणे’ या नावाने घराघरांत ठाऊक असलेल्या व्याधीला आधुनिक वैद्यकात ‘रिकरंट ॲफ्थस स्टोमाटायटिस’, म्हणजे तोंडाच्या आतील अस्तरावर पुन्हापुन्हा उठणारे उथळ व्रण, असे भारदस्त नाव असून अमेरिकेतील सामान्य माणूस त्यालाच ‘कँकर सोअर’ म्हणतो. एडिसन येथील घरात सध्या या व्याधीचे दोन रुग्ण आहेत, एक आपले चिरंजीव आणि दुसरी दातांना तारा बसविलेली आपली नात. आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजी, काकू, मावशी व शेजारच्या वहिनी यांच्याकडून एकाच वेळी येणारे उपचार टिपून घेणे अशक्य झाल्याने, या विषयाची एकदाच शास्त्रशुद्ध व लेखी मांडणी करावी असे कुटुंबात ठरले. लेखी मांडणीत चिरंजीवांना बोलावे लागत नाही, हाही एक लाभ आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप. नेहमीचा व्रण एक सेंटिमीटरहून लहान, गोल किंवा लांबट, तळाशी पिवळसर-पांढरा आणि कडेने लालबुंद असतो. तो गालाच्या आत, ओठाच्या आतल्या बाजूस किंवा जिभेखाली, म्हणजे जेथे अस्तर मऊ असते तेथे उठतो. सेंटिमीटरहून मोठे व्रण काही आठवडे रेंगाळतात व वण ठेवून जातात, तर तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक व्रणांचे पुंजके उठतात; सुदैवाने हे दोन्ही प्रकार विरळ आहेत. ओठाच्या बाहेर येणारे पाण्याचे फोड हा निराळा विकार असून तो हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे होतो व संसर्गाने पसरतो; तोंडाच्या आतील हे व्रण मात्र कोणाचे कोणाला लागत नाहीत. सबब नातीचा पेला वेगळा ठेवण्याची ती. आईंची सूचना आदरपूर्वक नोंदवून बाजूला ठेवण्यात आली आहे.

नेहमीचा व्रण एक ते दोन आठवड्यांत आपोआप भरतो, हीच एक गोष्ट या विषयावरील सर्व कौटुंबिक वादांचे मूळ आहे. पहिल्या काही दिवसांत वेदना टिपेला असते, त्या काळात जे जे लावले ते ते निरुपयोगी ठरते, आणि दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे व्रण भरून निघण्याच्या बेतात असताना, ज्याचा सल्ला अमलात येतो त्याचे औषध घराण्यात ‘रामबाण’ म्हणून पुढच्या पिढीकडे जाते. मावशींच्या साजूक तुपाची कीर्ती या न्यायाने झाली असावी, असा सुनेचा तर्क आहे, कारण मावशींचा फोन नेहमी सर्वांत शेवटी येतो. म्हणूनच संशोधक एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला दिसायला तसेच पण निर्गुण द्रव्य, ज्याला ‘प्लासिबो’ म्हणतात, देऊन दोहोंची तुलना करतात. ही पद्धत सांगलीत रूढ होण्याची चिन्हे नाहीत, कारण निर्गुण द्रव्य आपल्या वाट्याला यावे, यास कोणतीही काकू तयार होणार नाही.

कारणांविषयी वैद्यकाची भूमिका नम्र आहे. शरीराच्या संरक्षक पेशी आपल्याच अस्तरावर चालून जातात एवढे समजले असले, तरी त्या का बिथरतात याचे एकच एक उत्तर नाही. आनुवंशिकता, मानसिक ताण, गाल चावला जाणे, दातांच्या तारेचे घर्षण, तसेच लोह, फोलेट व बी-१२ यांची कमतरता, ही निमित्ते मात्र मान्य आहेत. टूथपेस्टला फेस आणणारे ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ हे द्रव्य काहींच्या तोंडाला मानवत नाही, व ते नसलेली पेस्ट वापरल्यास त्यांना व्रण कमी येतात असे काही चाचण्यांत आढळले आहे. त्यानुसार एडिसनच्या घरात बिनफेसाची पेस्ट आली, आणि फेस नाही म्हणजे दात घासलेच नाहीत, हे ती. बाबांचे मत नातीने आजोबांच्याच आवाजात सर्वांना ऐकविले. सांगलीचा ‘पोटातील उष्णता’ हा सिद्धान्त आयुर्वेदातील पित्तविचाराशी जुळणारा असून, त्याने वांग्यावर बंदी व रात्रीच्या जागरणावर ताशेरे हे दोन्ही हेतू साधत असल्याने त्याची लोकप्रियता समजण्यासारखी आहे.

चिरंजीवांच्या रक्ततपासणीत मात्र उष्णतेऐवजी बी-१२ कमी निघाले. हे जीवनसत्त्व निसर्गतः केवळ प्राणिज अन्नातून मिळते, आणि श्रावणात सोडलेले मासे-मटण पुढे कायमचेच सुटलेल्या गृहस्थांना ते अपुरे पडणे नवलाचे नाही. इस्राएलमधील 2009 च्या एका चाचणीत रोज 1000 मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली सहा महिने घेणाऱ्यांचे व्रण लक्षणीय कमी झाले, आणि विशेष म्हणजे ज्यांच्या रक्तात ते आधी पुरेसे होते त्यांनाही गुण आला. उलटपक्षी 2012 मधील एका अमेरिकी चाचणीत रोजच्या सर्वसाधारण मल्टिव्हिटामिनने काहीच फरक पडला नाही. सबब, पुढील पाहुण्यांबरोबर बिकोसूल या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा जो साठा पाठविण्याचे घाटत आहे तो आवरता घ्यावा; त्या गोळीविषयी कुटुंबास आकस नाही, परंतु कपाटाचा एक खण आधीच तिने व्यापला आहे.

आता अमेरिकी औषधांच्या दुकानाविषयी. येथे फडताळावर हात घालून जे मिळते त्यात मुख्यतः बेन्झोकेन हे द्रव्य असते, जे जागा बधिर करते, व्रण भरून आणीत नाही; जेवणाआधी लावल्यास आमटी गालास न झोंबता पोटात जाते, एवढेच त्याचे काम. दोन वर्षांखालील मुलांच्या दातदुखीवर ते वापरू नये, असा इशारा येथील औषध-प्रशासनाने 2018 मध्ये पुन्हा ठासून दिला, कारण त्यामुळे क्वचित ‘मेथेमोग्लोबिनेमिया’, म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटण्याची अवस्था, उद्भवते; दात येत असलेल्या पुण्याच्या नातवाच्या हिरड्यांवर हे जेल चोळण्याचा विचार असल्यास तो सोडावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर क्लोरहेक्सिडिनचे जंतुनाशक द्रावण मिळते, जे उपयुक्त असले तरी चहा पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पाडते, व चहा सोडण्याचा पर्याय घरात चर्चेसही आला नाही. लिडोकेन, ॲलर्जीवरील डायफेनहायड्रामिन व आम्लपित्तावरील पातळ औषध एकत्र करून औषधविक्रेते चिठ्ठीबरहुकूम एक मिश्रण बनवून देतात. त्यास डॉक्टरमंडळी गंभीर चेहऱ्याने ‘मॅजिक माउथवॉश’ म्हणतात. याच देशातील लोक आजीबाईच्या बटव्यास हसतात.

सर्वांत उपयोगी ठरला तो ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचा, म्हणजे दाह शमविणाऱ्या द्रव्याचा, तोंडात चिकटून राहणारा मलम. तो लावण्याची रीत बारकाईने सांगणे आवश्यक आहे, कारण सांगलीची सूचना ‘चांगला चोळून लाव’ अशी होती. रात्री झोपण्यापूर्वी ओठ उलटा करून व्रण स्वच्छ कापसाने टिपावा, ज्वारीच्या दाण्याएवढा मलम बोटाच्या टोकावर घ्यावा आणि तो व्रणावर नुसता टेकवून दाबावा, म्हणजे त्याचा गुळगुळीत पापुद्रा बसतो. चोळल्यास त्याचा भुगा होऊन तोंडात वाळू गेल्याचा भास होतो. चिरंजीवांनी पहिल्या रात्री मातृआज्ञा पाळली, आणि नंतर बराच वेळ बेसिनशी उभे राहून ते जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. नातीच्या बाबतीत याहून सोपा उपाय सापडला: दंतवैद्याने दिलेल्या डबीतील पांढऱ्या मेणाचा मणी वळून तारेच्या टोचणाऱ्या टोकावर बसविला, की घर्षण थांबते व नवा व्रण उठत नाही.

सांगलीचे उपचार टाकाऊ आहेत, असा याचा अर्थ नव्हे. आयुर्वेदाने या विकारास ‘मुखपाक’ म्हटले असून त्यावर दोन प्रकारच्या गुळण्या सांगितल्या आहेत: द्रव तोंडात खुळखुळविता येईल इतकाच घेतल्यास तो ‘कवल’, आणि गाल तुडुंब भरून हालचाल न करता धरून ठेवल्यास तो ‘गंडूष’. चिरंजीवांनी तिळाच्या तेलाचा गंडूष धरला असता त्यांना काहीच बोलता न आल्याने घरात जी शांतता पसरली, तिच्यामुळे हा उपचार पथ्य म्हणून नित्य चालू ठेवावा असे सुनेने सुचविले आहे. तूप व्रणावर पातळ थर धरते, आणि मलमाचे अर्धे काम तोच थर करतो, हे मावशींस कळवावे. फक्त लाळेपुढे तो टिकत नाही. हळदीच्या जेलच्या छोट्या चाचण्या आशादायक आहेत, व सांगलीच्या हळदीस 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तथापि हळद-मधाच्या लेपाने नातीच्या तारांवरील पांढऱ्या रबरी कड्या अशा पिवळ्याधमक झाल्या की येथील दंतवैद्याने हा नवा रंग कोठून आणला, अशी पृच्छा केली.

जाईची पाने चघळण्याचा उपाय जुना व मान्य आहे. परंतु गच्चीवरील जाईची ताजी पाने पाहुण्यांच्या सामानातून पाठवू नयेत, कारण अशी पाने विमानतळावर जाहीर न केल्यास दंड होतो. येथील रोपवाटिकेतून जाई आणावी तर त्यात धोका आहे: ‘कॅरोलिना जेसमिन’ या नावाने विकली जाणारी पिवळ्या फुलांची वेल जाईची कोणीही लागत नाही आणि तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. काकूंनी सांगितलेल्या मध-टाकणखाराच्या शोधाची कथा याहून निराळी. टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, एडिसनमध्ये सहज मिळतो, तो औषधांच्या दुकानात नव्हे तर वाणसामानाच्या मोठ्या दुकानात, कपडे धुण्याच्या साबणाशेजारी, पाण्याच्या पिंपाला शोभेल अशा खोक्यात. खोक्यावर खेचरांचा तांडा छापलेला असतो, कारण एके काळी कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीतून हा क्षार खेचरांच्या गाड्यांनी वाहून नेत असत. तो पोटात गेल्यास अपायकारक असल्याने अमेरिकेत खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी आहे. सबब तो नातीच्या तोंडात न घालता चिरंजीवांच्या पांढऱ्या सदऱ्यांसाठी वापरण्यात आला, व त्या प्रयोगाचा गुण मात्र निर्विवाद आला.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. वसंतकाकांच्या मोबाइलवर सध्या फिरणारा, तंबाखू ओढणाऱ्यांना हे व्रण कमी येतात व ती सोडल्यावर काही दिवस वाढतात, हा मजकूर खरा आहे. परंतु दिवाळीपासून काकांच्या गालात जे आहे ते या निवेदनाच्या विषयात मोडत नाही. जो व्रण तीन आठवड्यांत भरत नाही, तोही जेथे तंबाखू-चुन्याची गोळी धरली जाते नेमका तेथे, तो डॉक्टरांना दाखवावाच लागतो. आणि ‘दुखत नाही, म्हणजे साधाच आहे’ हा काकांचा युक्तिवाद उफराटा आहे, कारण साधा व्रण दुखतो, व कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा दुखत नाही. गरज वाटल्यास तेथील कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्यास ‘बायोप्सी’ म्हणतात. काका दवाखान्याच्या पायरीवरून परत येण्याबद्दल प्रसिद्ध असल्याने ती. बाबांनी याच आठवड्यात त्यांच्याबरोबर आतपर्यंत जावे, आणि रविवारच्या कॉलवर उपचारांच्या चर्चेआधी डॉक्टरांचा कागद कॅमेऱ्यासमोर धरावा.