यंत्र जागा देईल, भाडं कोण देणार?

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीचे आकडे सरकारने संसदेत मांडले. कंपन्यांनी दाखवलेल्या जागा सव्वा लाखाच्या वर. मुलांना गेलेल्या ऑफर ८२ हजार. प्रत्यक्ष रुजू झालेले? नऊ हजारांच्याही आत.

आता या जागांच्या वाटपाला सरकारला कृत्रिम बुद्धिमत्ता हवी आहे. २०२५च्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने विद्यार्थ्यांपुढे हेच काम ठेवलं: उमेदवाराचं कौशल्य, शिक्षण, पसंती पाहून जागा वाटणारी यंत्रणा बनवा. ग्रामीण आणि आकांक्षित जिल्ह्यांतल्या मुलांनाही वाटा मिळावा, अशी अपेक्षा त्यात होती. ती योग्यच आहे.

पण मुलं का आली नाहीत? सरकारनेच कारणं सांगितली आहेत. ठिकाण सोयीचं नाही, काम आवडीचं नाही, १२ महिन्यांची मुदत लांब. आवडीचं काम यंत्र जुळवेलही. बाकीचं कोण जुळवणार? त्या फेरीत विद्यावेतन होतं महिना ५,००० रुपये. हिंगोलीच्या मुलीला चाकणची जागा अगदी अचूक मिळाली, तरी एवढ्या पैशांत खोलीचं भाडं, मेस आणि येणं-जाणं भागत नाही. वर्षभर पदरचे पैसे घालण्याची ऐपत ज्या घरात आहे, तिथलीच मुलं टिकतील. आपल्याच राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० रुपये ठरवले गेले. म्हणजे सरकारांना हिशेब कळत नाही असं नाही.

पुढची भीती याहून मोठी आहे. यंत्राने जागा दिली, मुलगी गेली नाही, की नोंद पडेल ‘उमेदवाराने नाकारली’. उद्या तीच नोंद तिच्या आड आली तर तिने दाद कुणाकडे मागायची? पोलंडने हे भोगलं आहे. तिथे २०१४पासून रोजगार कार्यालयांतला संगणक प्रश्नोत्तरांवरून बेरोजगारांना तीन गटांत टाकू लागला आणि मिळणारी मदत त्या गटावर ठरू लागली. गट बदलण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला होता. तो शंभरात एकाहूनही कमी प्रकरणांत वापरला गेला. २०१८मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने या पद्धतीच्या नियमांवर ताशेरे ओढून त्यातला भाग घटनाबाह्य ठरवला. २०१९मध्ये पद्धतच बंद झाली.

यंत्र आणायचं तर आणा. आधी विद्यावेतन परवडेल एवढं करा, परगावी जाणाऱ्या मुलींच्या राहण्याची सोय करा. आणि प्रत्येक वाटपासोबत दोन गोष्टी उमेदवाराच्या भाषेत लेखी द्या: हीच जागा का दिली आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव काय.

ऑफर आलेल्या मुलामुलींनो, जागा सोडावी लागली तर गप्प राहू नका. भाडं परवडत नाही, हे कारण लेखी कळवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.